पानक, वारूळ आणि बावीस हजार ओळी

म्हैसुरात शिकलेल्या आणि पुढे तिथेच शिकवणाऱ्या दोन कन्नड कवींनी रामायणाला हात घातला. एकाला त्यासाठी दहा वर्षं आणि २२,२९१ ओळी लागल्या. दुसऱ्यानं काम एका छोट्या कवितेत उरकलं. पहिले के. व्ही. पुट्टप्पा, म्हणजे ‘कुवेंपु’. दुसरे गोपालकृष्ण अडिग, कन्नडमधल्या ‘नव्य’ कवितेचे अध्वर्यू. कुवेंपूंचं महाकाव्य ‘श्री रामायण दर्शनम्’ आणि अडिगांची ‘श्रीरामनवमीय दिवस’ ही कविता शेजारी ठेवली, की आधुनिक कवी प्राचीन महाकाव्याशी कसा वागतो हे जितकं स्वच्छ दिसतं, तितकं एम.ए.च्या ‘साम्य आणि भेद’वाल्या उत्तरपत्रिकेत दिसत नाही.

कुवेंपूंचा जन्म १९०४चा. लहानपण शिवमोग्गा जिल्ह्यातल्या तीर्थहळ्ळी तालुक्यातल्या कुप्पळी या गावी, मलनाडच्या घनदाट जंगलात गेलं. हायस्कुलासाठी मुलगा म्हैसूरला आला आणि तिथलाच झाला. सुरुवातीला तो इंग्रजीत कविता करायचा. १९२२मध्ये त्याचं छोटं इंग्रजी पुस्तकही निघालं होतं. आयरिश कवी जेम्स कझिन्स १९२४मध्ये म्हैसूरला आले, तेव्हा या तरुणानं आपल्या कविता त्यांना दाखवल्या. कझिन्स यांनी सल्ला दिला की आपल्या भाषेत लिही. इंग्रजीत लिहिणाऱ्या कवीनं भारतीय मुलाला इंग्रजीपासून परावृत्त करावं ही गोष्ट त्या काळात रोजची नव्हती. पोरगा थोडा खट्टू झाला म्हणतात, पण कन्नडकडे वळला तो कायमचा.

महाराजा कॉलेजात त्याला टी. एस. वेंकण्णय्यांसारखे गुरू लाभले. रामकृष्ण आश्रमात तो अनेक वर्षं राहिला. महाकाव्य लिहायला घेतलं १९३६मध्ये, पूर्ण झालं १९४६मध्ये. मधल्या काळात, १९३९ साली, वेंकण्णय्या गेले. ग्रंथ त्यांनाच अर्पण केला आहे आणि अर्पणपत्रिकेत कुवेंपु एक धाडसी गोष्ट सांगतात: हे काव्य कुवेंपूनं घडवलेलं नाही, या काव्यानंच कुवेंपूला घडवलं आहे. वाल्मीकीची गोष्ट पुन्हा सांगायची म्हणून हा खटाटोप नव्हता. बाहेर घडलेल्या घटनांचा इतिहास सांगण्यात त्यांना रस नव्हता, त्या घटनांच्या आतलं जे कायम टिकणारं आहे ते त्यांना हवं होतं. ग्रंथाच्या नावातलं ‘दर्शन’ ते हेच.

या भूमिकेतून ते वाल्मीकीपाशी किती मोकळेपणानं वागले, ते एका प्रसंगात पाहावं. युद्धकांडात लंका पडते, सीता समोर येते, आणि राम तिला जे बोलतो ते ऐकून आजही वाचक चुळबुळतो. मी युद्ध केलं ते माझ्या कुळाची लाज राखायला, तुझ्यासाठी नाही, तुला हवं तिकडे जा, असा त्या बोलण्याचा मथितार्थ. सीता तिथल्या तिथे उत्तर देते, लक्ष्मणाला चिता रचायला सांगते आणि आगीत शिरते. राम खाली मान घालून उभा असतो. मग अग्निदेव तिला सुखरूप बाहेर आणतो. कुवेंपूंच्या काव्यात सीता आगीत शिरते आणि तिच्यामागून रामही शिरतो. दोघं बरोबरच बाहेर येतात. परीक्षा द्यायची तर दोघांनी.

१९४०च्या दशकात हे लिहिणं सोपं नव्हतं, आणि कन्नड वाचकाच्या मनात या प्रसंगानं घर केलं. तरी एक कबूल करायला हवं. वाल्मीकीचा प्रसंग वाचून होणारी घुसमट कुवेंपूंकडे येताना निवते. त्यांचा राम जास्त न्यायी, पण वाल्मीकीचा प्रसंग जास्त टोचणारा. मूळ महाकाव्यानं उघडा ठेवलेला घाव नव्या काव्यानं शिवला, आणि शिवताना थोडी घाई केली असं वाटत राहतं.

रावणाचं त्यांनी जे केलं त्यात मात्र घाई नाही. ‘दशानन स्वप्नसिद्धी’ नावाच्या सर्गात रावणाला स्वप्न पडतं, आणि त्या स्वप्नात तो सीतेचं तान्हं मूल होऊन जातो. जिचा अभिलाष धरला तीच आई. वासनेचा वात्सल्यात होणारा हा बदल त्याच्या मरणापूर्वीच होतो, त्यामुळे राम त्याला मारतो तेव्हा मरणारा रावण पूर्वीचा उरलेला नसतो. हे सगळं वरवरचं वाटायचा धोका मोठा होता. पण कुवेंपूंनी अनेक सर्ग त्यासाठी जमीन नांगरून ठेवली आहे.

इथे कन्नड लोककथेतली एक गोष्ट आठवते. म्हैसुरात जन्मलेल्या आणि पुढे शिकागोत प्राध्यापक झालेल्या ए. के. रामानुजन यांनी ‘तीनशे रामायणं’ या त्यांच्या गाजलेल्या निबंधात ती दिली आहे. त्या कथेत रावणाला गर्भ राहतो, तो शिंकतो, आणि त्याच्या नाकातून सीता जन्माला येते. लोककथेत सीता रावणाची लेक, महाकवीकडे रावण सीतेचं लेकरू. कुवेंपूंनी लोककथा उलटी केली असा दावा कुणी करू नये, तसा पुरावा नाही. पण रावण आणि सीता यांच्यात रक्ताचं नातं जोडून पाहायची ओढ कन्नड मुलखात आधीपासून होती, एवढं खरं. हाच निबंध २०११मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमातून काढून टाकला गेला. रामायणं अनेक आहेत हे सांगणंही एखाद्याला खुपू शकतं.

मंथरेवरच्या सर्गात कुवेंपु तिला ममतेचा भोवरा म्हणतात. कुबड्या म्हातारीचं कारस्थान त्यांना पुरेसं वाटत नाही. ज्या बाईला कुणी जवळ केलं नाही तिचा सगळा जीव भरतावर, मग त्या मायेनंच तिला आणि अयोध्येला गरगर फिरवून बुडवलं. ऊर्मिलेलाही त्यांनी चौदा वर्षांची तपस्विनी केलं. काव्य राज्याभिषेकापाशी थांबतं, उत्तरकांड त्यात नाही. म्हणजे सीतेचा त्याग नाही, शंबुकाचा वध नाही. शंबुकाचा हिशेब मात्र त्यांनी आधीच ‘शूद्र तपस्वी’ या नाटकात चुकता केला होता. त्यात तक्रार घेऊन आलेल्या ब्राह्मणाच्याच मागे रामाचा बाण लागतो. नाटकावरून वादळ उठलं आणि मास्ती वेंकटेश अय्यंगारांसारख्या ज्येष्ठांनीही नापसंती दाखवली.

मराठी वाचकाला इथे एक तुलना आपोआप सुचते. १ एप्रिल १९५५ला पुणे आकाशवाणीवर गदिमा आणि बाबूजींचं गीतरामायण सुरू झालं, वर्षभर चाललं आणि ५६ गाणी झाली. त्याच १९५५ साली साहित्य अकादमीचे पहिलेवहिले पुरस्कार जाहीर झाले. मराठीत तो तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना मिळाला, कन्नडमध्ये ‘श्री रामायण दर्शनम्’ला. गदिमांनी सीतेचा त्याग टाळला नाही. कुवेंपूंनी तो आपल्या काव्यातच येऊ दिला नाही. दोघांचाही वाचक, किंवा श्रोता, एकच गोष्ट जाणत होता, आणि तरीही दोघांना वेगळ्या ठिकाणी थांबावंसं वाटलं.

आणखी एक गंमत. कुवेंपूंचं अरण्य, किष्किंधा, पर्वत, पाऊस हे सगळं मलनाडचं आहे. आपल्या नाशिकची पंचवटी त्यांच्या काव्यात सह्याद्रीच्या त्या टोकाच्या धारांत भिजते. वर्णनांना होमरसारख्या लांब-लांब उपमा आणि त्या सगळ्या कुप्पळीच्या रानातून आणलेल्या. काव्याच्या आरंभी ज्या कवींना ते वंदन करतात त्यांत व्यास, भास, कालिदास, पंप, नारणप्पा आहेतच. पण त्याच ओळीत होमर, व्हर्जिल, दांते, मिल्टन, फिरदौसी, कंब, तुलसीदास आणि अरविंदही आहेत. वृत्तही त्यांनी स्वतःच घडवलं. ललित रगळे या जुन्या कन्नड छंदातल्या पाच-पाच मात्रांच्या चालीला यमकातून मोकळं करून, ओळ संपली तरी वाक्य पुढे वाहत जाईल असा ‘महाछंद’. त्याला साजेशी जुन्या कन्नडची भारदस्त भाषा. त्यामुळेच आजच्या कन्नड तरुणालाही हा ग्रंथ मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत वाचणं जड जातं. १९६७चं ज्ञानपीठ त्यांना या ग्रंथासाठी, गुजरातीच्या उमाशंकर जोशींबरोबर विभागून मिळालं, तेव्हा देशभर नाव झालं. नाव माहीत असणारे पुष्कळ, पुस्तक उघडणारे कमी.

अशा या मोठ्या झाडाच्या सावलीत पुढचे कवी वाढले, आणि तिच्यातून बाहेर पडायची धडपडही त्यांनीच केली.

अडिग १९१८मध्ये मोगेरी या दक्षिण कन्नड किनाऱ्यावरच्या गावी जन्मले. घर पौरोहित्याचं, भोवती यक्षगानाचे रात्रभर चालणारे खेळ. ‘चंडे मद्दळे’ या १९५४च्या त्यांच्या संग्रहाला यक्षगानातल्या वाद्यांचंच नाव आहे. म्हैसूरला शिकले, आणि १९५०च्या दशकात तिथल्या सेंट फिलोमिनाज कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले. १९५९च्या ‘भूमिगीत’ संग्रहानं कन्नड कविता दोन भागांत विभागली, अडिगांच्या आधीची आणि नंतरची. मर्ढेकरांनी मराठीत अभंग-ओवीच्या साच्यात गिरणीची आणि माणसाच्या कुचंबण्याची गोष्ट भरली. अडिगांनी कन्नडमध्ये तसंच काहीसं पुराणांच्या साच्यात केलं.

‘श्रीरामनवमीय दिवस’ ही कविता सुरू होते ती नैवेद्याच्या पदार्थांपासून. कर्नाटकात रामनवमीला देवळात आणि घरोघरी पानक वाटतात, म्हणजे गूळ, सुंठ, वेलची घातलेलं गार पाणी. सोबत कोसंबरी, भिजवलेल्या मूगडाळीत काकडी, खोबरं आणि फोडणी. आपल्या चैत्रगौरीच्या आंबेडाळ-पन्ह्याच्याच कुळातलं, उन्हाळ्यातलं साधं खाणं. कविता तिथून पुत्रकामेष्टीकडे जाते, मग रामाच्या जन्मानं रावण त्याच क्षणी काही मेला नाही याकडे, मग योगशास्त्रातल्या षट्चक्रांकडे, आणि ती षट्चक्रं एका रॉकेटमध्ये बसवली जातात. शेवटी कवी वाल्मीकीच्या वारुळापाशी येतो. तपाला बसलेल्या माणसाभोवती वारूळ चढलं तेव्हा कुठे रामाची ती मूर्ती घडली. आजच्या कवीचं मन तसं वारूळ व्हायला तयार नसेल, तर तशी मूर्ती पुन्हा कोरली जाईल का, हा प्रश्न टाकून कविता थांबते.

या कवितेत रामायणाची गोष्ट सांगितलेली नाही. वनवास नाही, सीता नाही, लंका नाही. कुवेंपूंना जे सगळं सांगायचं होतं ते अडिगांनी वाचकावर सोडलं. आणि प्राचीन महाकाव्याशी आधुनिक कवितेची तुलना करताना हीच जागा पाहावी लागते: कवीनं काय सांगितलं यापेक्षा वाचकाला काय माहीत आहे असं त्यानं धरलं ते.

टी. एस. एलियटशी अडिगांची तुलना कन्नड समीक्षेत झाली आहे. ‘भूमिगीत’ला ‘द वेस्ट लँड’च्या शेजारी बसवणं हा एक आवडता उद्योगच झाला. एलियटनं हार्वर्डमध्ये चार्ल्स लॅनमन यांच्याकडे संस्कृतचे धडे घेतले होते, आणि १९२२च्या ‘द वेस्ट लँड’चा शेवट बृहदारण्यक उपनिषदातल्या प्रजापतीच्या मेघगर्जनेवर उभा आहे. पुढच्याच वर्षी जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’वर लिहिताना त्यानं मांडलं की विस्कळीत वर्तमानाला आकार द्यायला पुराणकथा ही एक पद्धत म्हणून वापरता येते. हे सगळं अडिगांना ठाऊक होतं, ते इंग्रजीचेच प्राध्यापक होते. पण एलियटला आपल्या कवितेच्या पुस्तकाला मागे टिपा जोडाव्या लागल्या. लंडनच्या वाचकाला प्रजापती कोण हे सांगायलाच हवं होतं. अडिगांच्या वाचकाच्या हातात पानकाचा पेला आधीच होता. एलियटची पुराणं ग्रंथालयातून आली, अडिगांची स्वयंपाकघरातून. दोघांना एकाच पारड्यात घालणारी समीक्षा नेमका हा फरक गाळते.

रामानुजन यांनी त्याच निबंधात म्हटलं आहे की या देशात रामायण किंवा महाभारत कुणी पहिल्यांदा वाचतच नाही, ती गोष्ट त्याला आधीपासूनच माहीत असते. अडिगांच्या काही कविता इंग्रजीत नेण्याचं काम त्यांनी एम. जी. कृष्णमूर्तींबरोबर केलं. परक्या वाचकाला त्यांतलं किती पोचलं असेल कोण जाणे. हीच अडचण आता घरातही येते आहे. रामनवमीला कोसंबरी चवीनं खाणाऱ्या मुलाला वारुळाचा संदर्भ सांगावा लागतो. तो संदर्भ माहीत नसेल तर अडिगांची कविता अर्धी मुकी होते. कुवेंपूंच्या बाबतीत अडचण उलटी आहे. गोष्ट पूर्ण सांगितली आहे, पण तिची भाषा गाठायला शब्दकोश लागतो.

म्हैसूरमध्ये जुन्या-नव्या साहित्याची अशी तुलना शिकवण्याची एक स्वतंत्र परंपराच तयार झाली, तिच्या केंद्रस्थानी सी. डी. नरसिंहय्या. केंब्रिजमध्ये एफ. आर. लीव्हिससारख्या कडक समीक्षकाच्या हाताखाली शिकून ते परतले, महाराजा कॉलेजात इंग्रजी शिकवलं, १९५२मध्ये ‘द लिटररी क्रायटेरियन’ हे समीक्षेचं नियतकालिक सुरू केलं आणि १९७९मध्ये शहरात ‘ध्वन्यालोक’ ही संस्था उभारली. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकेंद्राला नवव्या शतकातल्या काश्मिरी आनंदवर्धनाच्या ग्रंथाचं नाव देणं यातच त्यांची दिशा होती. आनंदवर्धनानं सांगितलेली ध्वनीची कल्पना ही शब्दांत न सांगता सुचवलेल्या अर्थाची. आणि आश्चर्य असं की तोच ग्रंथ शेवटच्या भागात महाकाव्यांकडे वळतो: रामायणाचा मुख्य रस करुण, महाभारताचा शांत. युद्धावर युद्धं रचलेल्या ग्रंथाचा मुख्य रस शांत! सगळे जिंकूनही हरले हे उघडपणे न बोलता महाभारत सुचवतं, असा तो तर्क. हे मोजमाप अडिगांच्या कवितेला लावलं तर ती एलियटपेक्षा आनंदवर्धनाच्या जास्त जवळची ठरते. रामायण तिच्यात ध्वनीसारखं आहे, न उच्चारलेलं.

महाभारताशी म्हैसूरचा संबंध मराठी घरांत पोचला तो कादंबरीच्या वाटेनं. म्हैसूरचेच एस. एल. भैरप्पा यांची १९७९ची ‘पर्व’ उमा कुलकर्णींनी मराठीत आणली. चमत्कार, शाप, वरदान काढून टाकलं की पांडव-कौरवांचं काय उरतं, असा तो प्रयोग. मराठीत ती अनेकांनी वाचली. पण गद्यात पुराणाची चिरफाड करायला ऐसपैस जागा असते. कवितेत ती करायची तर दुसरं हत्यार लागतं.

ते आपल्याकडे अरुण कोलटकरांकडे होतं. ‘सर्पसत्र’ हे त्यांचं इंग्रजी दीर्घकाव्य २००४मध्ये आलं. महाभारताची चौकट मराठी वाचकाला माहीत असते आणि नसतेही. जनमेजयानं साऱ्या नागांना जाळून मारायचा यज्ञ मांडला, आणि त्याच यज्ञाच्या विश्रामकाळात वैशंपायनानं त्याला महाभारत ऐकवलं. म्हणजे आपण ज्याला राष्ट्रीय महाकाव्य म्हणतो त्याचं पहिलं जाहीर वाचन एका वंशसंहाराच्या मंडपात झालं. आदिपर्वात हे उघडउघड लिहिलेलं आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ या काळात तयार केलेल्या चिकित्सक आवृत्तीतही हा भाग आहेच. तरी गोष्ट सांगताना तो मागे पडतो, कारण सगळ्यांना कुरुक्षेत्रावर पोचायची घाई असते.

कोलटकर तिथेच थांबतात. बोलायला लावतात जरत्कारूला, वासुकीची बहीण आणि आस्तिकाची आई. खांडववन जाळणाऱ्या कृष्ण-अर्जुनाकडे ती कौतुकानं पाहणार कशी? तिच्या नात्यागोत्याचे तिथे जळले. मूळ ग्रंथात या बाईचं काम आस्तिकाला जन्म देणं आणि यज्ञ थांबवायला पाठवणं, एवढंच. कुवेंपूंची मंथराही अशीच, मूळ ग्रंथात कारस्थानापुरती. पण मंथरेला बोलतं करताना कुवेंपूंना तिच्यासाठी दया हवी होती, आणि त्यांच्या काव्यात अखेर जवळजवळ सगळ्यांनाच ती मिळते, रावणालाही. जरत्कारूला दया नको आहे. तिला हिशेब हवा आहे, आणि तो ती साध्या, बोलीतल्या, कधी कधी बोचऱ्या विनोदाच्या इंग्रजीत मागते. अडिगांनी वाचकाच्या तोंडपाठ गोष्टीवर भिस्त ठेवली. कोलटकरांनी त्या गोष्टीतलं नेमकं ते पान काढलं जे वाचकानं उलटून टाकलं होतं. ज्यांना तुलना स्वतः करून पाहायची आहे त्यांनी आधी आदिपर्वातला आस्तिकाचा भाग वाचावा, मग ‘सर्पसत्र’ उघडावं. उलट क्रमानं वाचलं, तर आदिपर्वातल्या प्रत्येक ओळीत जरत्कारू मध्येच बोलू लागते आणि मूळ ग्रंथ धडपणे वाचू देत नाही.